पान पिवळे का पडले? सोयाबीनचे रोग ओळखणाऱ्या पहिल्या संगणक प्रणालींचे धडे

पीक सल्ल्यासाठी मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर वाढत आहे. फोटो टाकला की रोगाचे नाव येते, प्रश्न विचारला की मराठीत उत्तर मिळते. हे तंत्रज्ञान नवीन वाटत असले तरी त्याची मुळे ५०-६० वर्षे जुनी आहेत. संगणकाने पिकाचा रोग ओळखावा यासाठीचा सर्वांत गाजलेला जुना प्रयोग तर सोयाबीनवरच झाला होता. त्या काळच्या 'तज्ज्ञ प्रणाली' कशा चालत, त्या कुठे यशस्वी झाल्या आणि कुठे अडल्या, हे समजून घेतले तर आजच्या मोबाइल सल्ल्यावर किती विसंबावे हे ठरवणे सोपे जाते.

एका शेतातील अनुभव

मागील खरिपात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका शेतकऱ्याचा फोन आला. "सर, सोयाबीन पिवळं पडलंय. मोबाइलवर फोटो टाकला, पिवळा मोझॅक म्हणतंय. दुकानातून पांढऱ्या माशीचं औषध आणलंय. मारू का?"

मी म्हटले, "भाऊ, थांबा, आधी रान बघू."

शेत काळ्या भारी जमिनीचे होते. पिवळेपणा सगळीकडे नव्हता. उताराच्या खालच्या बाजूला, जिथे आठ-दहा दिवस पाणी साचून राहिले होते, तेवढाच पट्टा पिवळा होता. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या होत्या. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे चट्टे अनियमित, एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि रोगट झाडे सुरुवातीला शेतात विखुरलेली असतात. इथे तसे काही नव्हते. ही लोहाची कमतरता होती. चुनखडीयुक्त भारी जमिनीत पाणी साचले की मुळांना लोह घेता येत नाही. चर काढून पाण्याचा निचरा करणे, वाफसा आल्यावर कोळपणी करणे आणि गरज वाटल्यास फेरस सल्फेटची ०.५ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फवारणी करणे एवढाच उपाय होता. आणलेले कीटकनाशक त्या दिवशी फवारले असते तर पैसे आणि मजुरी वाया गेली असती आणि पीक पिवळेच राहिले असते.

यात फोटोचा दोष नव्हता. पान खरोखरच पिवळे होते. पण "पिवळी झाडे शेतात कुठे आहेत?" हा प्रश्न मोबाइलने विचारला नव्हता. सुमारे ४५ वर्षांपूर्वीची एक प्रणाली सोयाबीनचा रोग सांगण्यापूर्वी नेमका हाच प्रश्न विचारत असे.

तज्ज्ञ प्रणाली म्हणजे काय?

एखाद्या विषयातील जाणकार माणूस ज्या पद्धतीने निष्कर्ष काढतो, ती पद्धत नियमांच्या रूपात संगणकात भरणे म्हणजे तज्ज्ञ प्रणाली किंवा एक्स्पर्ट सिस्टिम. तिचे तीन भाग असतात.

१. ज्ञानसाठा: तज्ज्ञाकडून मिळवलेले 'जर-तर' स्वरूपाचे नियम.
२. माहिती: समोरच्या रुग्णाची, शेताची किंवा नमुन्याची निरीक्षणे.
३. अनुमान यंत्रणा: कोणता नियम कधी लावायचा आणि पुढचा प्रश्न कोणता विचारायचा हे ठरवणारा भाग.

सोयाबीनच्या भाषेत एक नियम असा लिहिता येईल: जर पाऊस सरासरीपेक्षा कमी असेल, आणि तापमान जास्त असेल, आणि शेंगा भरताना झाड वाळत असेल, आणि खोडाचा बुंध्याजवळचा भाग सोलल्यावर आत कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे ठिपके दिसत असतील, तर चारकोल रॉट असण्याची शक्यता मोठी आहे. असे शेकडो नियम एकत्र आले की प्रणाली तयार होते.

हे काम साध्या आकडेमोडीच्या संगणक भाषांत अवघड होते. आकड्यांऐवजी शब्द, चिन्हे आणि याद्या हाताळता येतील अशी साधने लागत होती. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथे 'लिस्प' ही भाषा तयार करायला घेतली. पुढे १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे अलाँ कोल्मेरॉएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रोलॉग' तयार केली. प्रोलॉगमध्ये नियम आणि वस्तुस्थिती लिहून दिली की निष्कर्ष भाषाच शोधते. सुरुवातीच्या बहुतेक तज्ज्ञ प्रणाली याच घराण्यातील साधनांवर उभ्या राहिल्या.

पहिली मोठी प्रणाली 'डेंड्राल'. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ मध्ये एडवर्ड फायगेनबॉम, जोशुआ लेडरबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिचे काम सुरू केले. मास स्पेक्ट्रोमीटरच्या नोंदींवरून सेंद्रिय रेणूची रचना ओळखणे हे तिचे काम होते. त्यातून संशोधकांना एक गोष्ट पटली. नुसती हुशार विचारपद्धत पुरत नाही, त्या विषयाचे भरपूर आणि नेमके ज्ञान लागते.

मायसिन: कारण सांगणारी प्रणाली

१९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्येच 'मायसिन' तयार झाली. एडवर्ड शॉर्टलिफ यांच्या संशोधनातून पुढे आलेली ही प्रणाली रक्तातील जिवाणू संसर्ग आणि मेंदूज्वर यांचे निदान करून प्रतिजैविक सुचवत असे. तिच्यात सुमारे ५०० नियम होते. पीक सल्ल्याच्या दृष्टीने तिच्या तीन गोष्टी आजही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, ती उलट दिशेने विचार करत असे. "हा अमुक जिवाणू असावा" असा अंदाज धरायचा आणि तो सिद्ध करण्यासाठी कोणती माहिती हवी ते प्रश्न विचारत जायचे. त्यामुळे ती विनाकारण प्रश्न विचारत नसे. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही" असे सांगण्याची सोयही होती.

दुसरी गोष्ट, वापरणारा डॉक्टर तिला मध्येच विचारू शकत असे की "हा प्रश्न का विचारला?" मग ती त्या क्षणी तपासत असलेला नियम दाखवत असे. निष्कर्षावर कसे पोहोचलो हेही ती उलगडून सांगत असे.

तिसरी गोष्ट, ती खात्री आकड्यात मोजत असे. प्रत्येक नियमाला उणे १ ते अधिक १ या पट्टीवर एक विश्वासांक दिलेला असे. दोन वेगवेगळे पुरावे एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवत असतील तर त्यांची नुसती बेरीज होत नसे. उरलेल्या शंकेचा काही भाग दुसरा पुरावा कमी करत असे. उदाहरण पाहू.

समजा, कोरड्या काळात झाडे वाळत आहेत या पुराव्याने चारकोल रॉटबद्दलचा विश्वास ०.६ झाला. शंका उरली ०.४. खोड सोलल्यावर काळे ठिपके दिसले आणि त्या पुराव्याचे वजन ०.५ धरले. मग उरलेल्या ०.४ पैकी निम्मी शंका, म्हणजे ०.२ कमी झाली. एकूण विश्वास ०.८ झाला. तिसरा पुरावा ०.४ वजनाचा मिळाला, तर उरलेल्या ०.२ पैकी ०.०८ शंका कमी होते आणि विश्वास ०.८८ होतो. असे अर्धवट पुरावे कितीही जमवले तरी आकडा पूर्ण १ होत नाही. (हे आकडे पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत.) शेतात आपणही असाच विचार करतो. एका लक्षणावर निर्णय घेत नाही, दुसरे आणि तिसरे लक्षण शोधतो.

१९७९ मध्ये मायसिनच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. मेंदूज्वराच्या १० रुग्णांच्या नोंदींवर मायसिनने आणि डॉक्टरांनी दिलेले उपचार, नावे झाकून, ८ बाहेरच्या तज्ज्ञांना तपासायला दिले. मायसिनच्या उपचारांना ६५ टक्के वेळा मान्यता मिळाली. स्टॅनफर्डच्या त्या विषयातील प्राध्यापकांचे प्रमाण ४२.५ ते ६२.५ टक्के होते. एवढे असूनही मायसिन रुग्णालयाच्या रोजच्या कामात कधी वापरली गेली नाही. माहिती टाइप करायला बराच वेळ जाई, रुग्णालयाच्या नोंदींशी ती जोडलेली नव्हती आणि चूक झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सुटला नव्हता. सल्ला बरोबर असणे आणि तो कामाच्या ठिकाणी उपयोगी पडणे यातले अंतर तेव्हाच दिसून आले.

इलिनॉयचे सोयाबीन: १५ रोग, ३५ प्रश्न

आता आपल्या पिकाकडे येऊ. अमेरिकेतील इलिनॉय राज्य सोयाबीनसाठी प्रसिद्ध आहे. तेथील इलिनॉय विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ रिशार्ड मिखाल्स्की यांनी वनस्पती रोगतज्ज्ञांच्या मदतीने सोयाबीनचे रोग ओळखणारी प्रणाली तयार केली. ती पुढे 'प्लँट-डीएस' या नावाने ओळखली गेली.

या कामात सोयाबीनचे १५ रोग घेतले होते. त्यात चारकोल रॉट, रायझोक्टोनिया मूळकूज, फायटोप्थोरा कूज, भुरी, केवडा, जिवाणूजन्य करपा, अँथ्रॅकनोज, अल्टरनेरिया पानावरील ठिपके, फ्रॉगआय ठिपके असे रोग होते. प्रत्येक रोगट झाडाची नोंद ३५ मुद्द्यांवर केली जात असे. ते मुद्दे साधारण असे होते.

- महिना कोणता, पाऊस आणि तापमान सरासरीपेक्षा कमी की जास्त, गारपीट झाली का
- त्या शेतात आधीच्या वर्षांत कोणते पीक होते
- बीजप्रक्रिया केली होती का, उगवण किती झाली
- नुकसान कुठे आहे: विखुरलेले, सखल भागात, शेताच्या वरच्या भागात की संपूर्ण शेतात
- पानावरील ठिपक्यांचा आकार, कडा आणि भोवतीचे वलय
- खोडावरील चट्टे, खोडाच्या आतील रंग, बुरशीची वाढ
- शेंगा, दाणे आणि मुळांची अवस्था

या यादीत पान हा एक भाग आहे. बाकी प्रश्न हवामान, शेताचा इतिहास, खोड, मूळ आणि दाणा यांचे आहेत. चांगला रोगतज्ज्ञ शेतात गेल्यावर हेच पाहतो.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. रोग ओळखण्याचे नियम दोन प्रकारे तयार केले गेले. एका संचात रोगतज्ज्ञाला विचारून नियम लिहिले. दुसऱ्या संचात संगणकाला निदान झालेल्या २९० झाडांच्या नोंदी दिल्या आणि त्यावरून नियम शोधायला लावले. मग न पाहिलेल्या ३४० नोंदींवर दोन्ही संच तपासले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालात तज्ज्ञाने सांगितलेल्या नियमांनी सुमारे ७२ टक्के वेळा बरोबर रोगाला पहिला क्रमांक दिला. उदाहरणांवरून शिकलेल्या नियमांनी सुमारे ९८ टक्के वेळा दिला.

म्हणजे तज्ज्ञ कमी पडला का? माझ्या मते तसे म्हणणे बरोबर नाही. उदाहरणांचे निदान माणसांनीच केले होते. अडचण वेगळी होती. जाणकार माणूस जे पाहतो, ते सगळे त्याला शब्दांत सांगता येत नाही. एखादा अनुभवी शेतकरी बांधावरून नजर टाकून म्हणतो, "या रानाला पाणी लागलंय." कशावरून, असे विचारले तर तो दोन कारणे सांगतो, पण त्याने पाहिलेल्या असतात दहा गोष्टी. तज्ज्ञाकडून ज्ञान काढून घेणे हीच या सगळ्या प्रणालींची सर्वांत मोठी अडचण ठरली. फायगेनबॉम यांनीही ज्ञान मिळवण्याची पायरी हाच या क्षेत्राचा अडथळा असल्याचे मांडले होते. उदाहरणांवरून शिकण्याची जी वाट सोयाबीनच्या या प्रयोगात दिसली, तीच पुढे मोठी झाली. आजची फोटो ओळखणारी ॲप त्याच वाटेवरची आहेत.

९८ टक्के कुठले?

सुमारे ९८ टक्के हा आकडा ऐकून ही प्रणाली परभणी किंवा लातूरला आणून ठेवली असती तर काय झाले असते?

त्या १५ रोगांत पिवळा मोझॅक नव्हता, तांबेराही नव्हता. यात चूक काही नाही. आपल्याकडे पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पिवळा मोझॅक ही दक्षिण आशियातील समस्या आहे. सोयाबीनचा तांबेरा तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पहिल्यांदा २००४ मध्ये आढळला. १९८० च्या इलिनॉयमध्ये जे रोग होते त्यावरच प्रणाली तयार झाली. पण आपल्या शेतातील तांबेऱ्याची लक्षणे तिला दिली असती, तर तिने आपल्या यादीतल्या १५ पैकीच जवळचे नाव पुढे केले असते. खोडमाशी आणि चक्रीभुंग्याने वाळलेले झाडही तिला रोगच वाटले असते, कारण कीड तिच्या यादीत नव्हतीच.

म्हणून अचूकतेच्या कोणत्याही टक्केवारीबरोबर तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी कोणत्या भागातील पिकावर झाली? किती रोग-किडींवर झाली? यादीबाहेरचे काही आले तर प्रणाली "ओळखता येत नाही" असे सांगते का? शेतकऱ्याच्या दृष्टीने तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. "माहीत नाही" या उत्तराने शेतकऱ्याचा एक दिवस जातो. चुकीच्या नावाने फवारणीचा खर्च वाया जातो आणि खऱ्या उपायाची वेळही निघून जाते.

कपाशी, काकडी आणि गहू

१९८० च्या दशकात शेतीसाठी आणखी प्रणाली आल्या. त्यांपैकी कपाशीसाठीची 'कोमॅक्स' विशेष गाजली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील हॅल लेमन यांनी १९८६ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. 'गॉसिम' हे कपाशीच्या वाढीचे गणिती प्रारूप आधीपासून होते. हवामान, जमीन, नत्र आणि पाणी यांवरून झाडाची रोजची वाढ ते मोजत असे. कोमॅक्स हे प्रारूप वेगवेगळ्या शक्यता धरून पुन्हा पुन्हा चालवत असे आणि नियमांच्या आधारे पाणी कधी द्यावे, नत्र किती द्यावे, वेचणीपूर्वी पानगळ कधी करावी हे सुचवत असे. रोजच्या हवामानाची आणि त्या शेतातील मातीची नोंद नसेल तर मात्र ती काहीच करू शकत नव्हती.

इजिप्तमध्ये तर शेतीच्या तज्ज्ञ प्रणालींसाठी स्वतंत्र केंद्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे काकडी, संत्रावर्गीय फळे आणि गहू यांसाठी प्रणाली तयार झाल्या. कृषी विस्तार कर्मचाऱ्याने त्या वापरून शेतकऱ्याला सल्ला द्यावा अशी कल्पना होती. माणूस मध्ये ठेवण्याची ही रीत आजही शहाणपणाची वाटते.

संगणकाला माणसाची भाषा कळते का?

नियम तयार झाले तरी शेतकऱ्याने त्याच्या भाषेत विचारलेला प्रश्न संगणकाला समजायला हवा. यावरही काम तेव्हाच सुरू झाले होते. दोन जुनी उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

एमआयटीचे जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याच्या वाक्यातील काही शब्द पकडून तो तेच फिरवून प्रश्न विचारत असे. "मला वाईट वाटतंय" म्हटले की "तुम्हाला वाईट का वाटतंय?" अशा पद्धतीचे. त्याला अर्थ काहीच कळत नव्हता. तरीही लोक त्याच्याशी मन मोकळे करून बोलू लागले. हे पाहून वायझेनबॉम स्वतः अस्वस्थ झाले. बोलणे सफाईदार असले की समोरच्याला समजते आहे असे माणूस धरून चालतो, हे त्यातून दिसले.

दुसरे उदाहरण 'ल्यूनार'चे. विल्यम वुड्स आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार केले. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या खडक-मातीच्या रासायनिक तपासण्यांची माहिती त्यात होती. म्हणजे एका अर्थाने ते चंद्राचे माती परीक्षण अहवालच. भूगर्भशास्त्रज्ञ साध्या इंग्रजीत विचारत आणि ल्यूनार त्या प्रश्नाचे रूपांतर माहितीसाठ्यातील शोधात करून उत्तर देत असे. १९७१ मध्ये शास्त्रज्ञांच्या परिषदेत ते वापरून दाखवले तेव्हा बहुतेक प्रश्नांना त्याने बरोबर उत्तरे दिली. कारण विषय मर्यादित होता, शब्द ठरलेले होते आणि उत्तरामागे मोजलेली आकडेवारी होती. एलायझा कशावरही बोलत असे, पण तिच्यामागे माहिती नव्हती. ल्यूनार एकाच विषयावर बोलत असे, पण माहितीवर.

मराठी शेतीभाषेत ही अडचण आणखी गुंतागुंतीची होते. 'केवडा' हा एकच शब्द घ्या. द्राक्षावरचा केवडा म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. त्यासाठी बुरशीनाशक लागते. भेंडीवरचा केवडा म्हणजे यलो व्हेन मोझॅक. तो विषाणूजन्य आहे आणि पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यावर बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही. 'करपा' हा शब्द तर जवळजवळ प्रत्येक पिकात वेगळ्या रोगासाठी वापरतात. कपाशीतील 'लाल्या' हे एका रोगाचे नाव नसून पाने लाल होण्याच्या लक्षणाचे नाव आहे. त्यामागे अन्नद्रव्यांची कमतरता, थंडी, पाण्याचा ताण, रसशोषक किडी अशी अनेक कारणे असू शकतात. म्हणून "केवड्यावर औषध सांगा" एवढेच विचारले तर माणूसही चुकेल आणि यंत्रही.

आपल्याकडची वाटचाल

भारतात १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणक प्रणालींवरचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था या दोन्हींचा त्यात सहभाग होता. पुढे २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईने बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सोबतीने 'आक्वा' ही प्रश्नोत्तर सेवा चालवली. शेतकरी मराठीत प्रश्न विचारत आणि उत्तर तज्ज्ञ माणूस देत असे. जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झाले.

महाराष्ट्रासाठी महत्त्वाचा टप्पा म्हणजे 'क्रॉपसॅप'. २००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत जाऊन कीड मोजायची, नोंद संगणकात भरायची आणि आर्थिक नुकसान पातळीच्या आधारे सल्ला द्यायचा अशी ही पद्धत आहे. इलिनॉयच्या यादीत जे आपले नव्हते, ते अशा स्थानिक नोंदींतूनच मिळते. कोणतीही प्रणाली आपल्या भागात उपयोगी व्हायची असेल तर तिला अशा नोंदींचे खाद्य लागते.

मोबाइलला विचारण्यापूर्वी शेतात काय पाहावे?

जुन्या प्रणाली प्रश्न विचारत. आजचे अनेक ॲप आणि चॅटबॉट न विचारताच उत्तर देतात. म्हणून ते प्रश्न आता आपणच स्वतःला विचारायचे आहेत. सोयाबीन पिवळे पडले किंवा वाळू लागले, तर पुढील गोष्टी पाहून लिहून घ्याव्यात.

१. शेतात कुठे? सखल भागात असल्यास पाणी साचणे, विखुरलेली झाडे असल्यास मोझॅक किंवा खोडमाशी, फवारणीच्या पट्ट्यांत असल्यास तणनाशकाचा परिणाम असा विचार करावा.
२. कोणती पाने? शेंड्याची कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असल्यास लोह, खालची जुनी पाने सारखी पिवळी असल्यास नत्राची कमतरता तपासावी.
३. खोड उभे चिरून पाहावे. आत लालसर-तपकिरी पोखरलेली नागमोडी नळी दिसल्यास खोडमाशी. देठावर किंवा खोडावर दोन समांतर खाचा दिसल्यास चक्रीभुंगा.
४. झाड हळुवार उपटून मुळे पाहावीत. मुळांवरील गाठी फोडल्यावर आत गुलाबी रंग असल्यास त्या कार्यरत आहेत. मुळे कुजलेली असल्यास निचरा आणि मूळकूज यांचा विचार करावा.
५. मागील १५ दिवसांतील पाऊस, फवारणी, तणनाशक आणि खते यांची नोंद काढावी.
६. वाण, पेरणीची तारीख, बीजप्रक्रिया आणि मागील हंगामातील पीक सांगावे.

फोटो पाठवताना एका पानाचा फोटो पुरत नाही. पूर्ण शेताचा, पूर्ण झाडाचा, चिरलेल्या खोडाचा, मुळांचा आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा असे फोटो घ्यावेत. स्थानिक नावाबरोबर पिकाचे नाव आणि लक्षण जरूर लिहावे.

मिळालेला सल्ला कसा पारखावा?

- सल्ला देण्यापूर्वी एकही प्रश्न विचारला नसेल तर तो अंदाज समजावा.
- "हे कशावरून?" असे विचारावे. सांगितलेली लक्षणे शेतात जाऊन पडताळावीत. जुळत नसतील तर निदान सोडून द्यावे. मात्र सफाईदार कारण म्हणजे खरे कारण असे नाही, पडताळणी शेतातच होते.
- "दुसरे काय असू शकते?" हा प्रश्न जरूर विचारावा. दोन शक्यता समोर आल्या की त्यांत फरक करणारे लक्षण शोधता येते.
- औषधाचे नाव आणि मात्रा मोबाइलवरून थेट घेऊ नये. त्या पिकासाठी आणि त्या किडी-रोगासाठी लेबलवर शिफारस आहे का ते पाहावे. काढणीपूर्वी पाळायचा कालावधीही लेबलवर दिलेला असतो.
- फवारणी करण्याइतकी कीड आहे का, हे आर्थिक नुकसान पातळीवरून ठरवावे.
- शंका राहिल्यास जवळचे कृषी विज्ञान केंद्र, कृषी सहायक किंवा किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ येथे विचारावे. ही सेवा सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत असते.

मोबाइलवरील सल्ला टाळावा असे माझे म्हणणे नाही. मी स्वतःही तो वापरतो. एखादे लक्षण नजरेतून सुटले असेल तर तो आठवण करून देतो. रात्री नऊ वाजता गावात तज्ज्ञ मिळत नाही, मोबाइल मिळतो. पण ज्या शेतकऱ्याचा फोन आला होता, त्यांनी या वर्षी फोटो टाकण्याआधी खालच्या बाजूला चर काढला, आणि पीक पिवळे दिसताच आधी दोन झाडे उपटून खोड चिरून पाहिले. मग मला फोन केला आणि सगळी लक्षणे क्रमाने सांगितली. मला फारसे विचारावेच लागले नाही. अर्धे निदान त्यांनीच केले होते.